आवाज दाबावा की शमवावा?

(आपल्या सिनॅगॉगच्या सभागृहातील मासिक व्याख्यानमालेत दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या व्यासपीठावरून आपण कोकणातील आपल्या गावांविषयी ऐकले, गावांवरून पडलेल्या आडनावांविषयी ऐकले, आपल्या जुन्या कीर्तनांविषयीही ऐकले. ती सारी व्याख्याने अभ्यासू मंडळींची होती. मी अभ्यासक नाही. चाळीस वर्षे यंत्रे दुरुस्त करून पोट भरलेला माणूस आहे. तेव्हा मला बोलावल्यावर मी जे जाणतो त्याविषयीच बोलावे हे बरे. माझा विषय ऐकून काहींना हसू येईल. जुन्या मोटारीत बसवलेल्या विजेच्या इंधनपंपाचा आवाज कसा शमवावा, हा तो विषय आहे.

पंप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला पेट्रोल भरण्याचे ठिकाण येते. तो पंप मला अभिप्रेत नाही. मोटारीच्या टाकीतील पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवणारे, मुठीत मावेल एवढे एक यंत्र असते. त्याच्याविषयी मी बोलणार आहे.

हा विषय निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात दिमोनाच्या रस्त्यावर आमची मोटार बंद पडली आणि माझी नव्वदीची आई भर उन्हात अडकली, हे आपणा सर्वांच्या कानी आले आहे. ती हकीकत अर्धीमुर्धी पसरली. मोटार जुनी, म्हणून बंद पडली, असे सर्वांनी समजून घेतले आणि माझी समजूत घातली. खरी गोष्ट तशी नाही. मोटारीचा दोष थोडा होता, माझा अधिक होता. आई इथे पहिल्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच मी ती गोष्ट आज पूर्ण सांगणार आहे.

प्रथम मोटारीविषयी दोन शब्द. ती सुसिता आहे. इथल्या ज्येष्ठांना सुसिता म्हणजे काय हे सांगायला नको. हैफाच्या ऑटोकार्स कंपनीने केलेली ही मोटार. तिचा सांगाडा पोलादी चासीचा, अंग फायबरग्लासचे आणि माझ्या मोटारीचे इंजिन इंग्लंडच्या फोर्डचे. वाळवंटातले उंट सुसिताचे अंग कुरतडून खातात ही दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ती पुढे सांगितलीही आहे. आमचे कुटुंब १९६४ साली मुंबईहून आले. त्यानंतर काही वर्षांनी बाबांनी एक वापरलेली सुसिता घेतली. तिच्यातूनच आम्ही भावंडे शाळेत गेलो, लग्नांना गेलो आणि सैन्यातून सुट्टीवर घरी आलो. बाबा गेल्यावर ती अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. निवृत्त झाल्यावर मी ती हाती घेतली. तीस वर्षांहून जुनी असल्यामुळे संग्राह्य वाहन म्हणून तिची नोंद झाली आणि ती पुन्हा रस्त्यावर आली.

बाबा मुंबईत रेल्वेत होते. गाडी स्थानकात उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर ठोका मारीत जाणारा माणूस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. चाक धड असेल तर ते घंटेसारखे वाजते. तडा असेल तर आवाज बसका येतो. ते काम बाबांनी अनेक वर्षे केले. इथे आल्यावर ते एका कारखान्यात लागले, पण त्यांची सवय सुटली नाही. यंत्राजवळ गेले की ते लाकडाची एक गुळगुळीत काठी त्यावर टेकवीत आणि दुसरे टोक कानाशी धरीत. मला ते सांगत, “आधी ऐक, मग पाना उचल.” मी पुष्कळ वर्षे तसे केले. या एका पंपाच्या बाबतीत केले नाही.

आता पंपाकडे येतो. या मोटारीला मुळात इंजिनाच्या कुशीत बसवलेला यांत्रिक पंप असतो. इंजिन फिरले की तो हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. त्याची अडचण अशी की तो इंजिनाच्या उष्णतेतच बसलेला असतो. बेएरशेवाच्या उन्हाळ्यात मोटार बाजारात उभी करावी, दहा मिनिटांनी परत यावे, तोवर पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ झालेली असते. वाफ ओढून पंप दमतो, इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. त्यातच पंपाचा पडदाही फाटला. तेव्हा मी तो काढून त्या जागेच्या भोकावर धातूची झाकणपट्टी बसवली आणि विजेचा पंप आणला.

या पंपात एक नळी असते. नळीभोवती तारेचे वेटोळे आणि नळीत मागेपुढे सरकणारा एक लहानसा लोखंडी दट्ट्या. वेटोळ्यात वीज आली की दट्ट्या एका बाजूस खेचला जातो. वीज तुटली की स्प्रिंग त्याला उलट ढकलते. एका सेकंदात हे अनेक वेळा घडते आणि दर खेपेस एक बारीक ठोका पडतो. म्हणजे हा पंप ठोके देणारच. बिनआवाजाचा पंप शोधणे म्हणजे हृदय हवे पण ठोके नकोत असे म्हणणे. प्रश्न ठोका पडतो की नाही हा नसून तो कुठवर पोहोचतो आणि कोणत्या चालीने पडतो, हा आहे.

मी तो पंप मागच्या आसनाखाली, मोटारीच्या तळालाच, दोन बोल्टांनी आवळून बसवला. चावी फिरवली आणि असा गजर झाला की शेजारी गच्चीवर आले. फायबरग्लासचा सपाट, पातळ तळ म्हणजे ढोलकीची पुडीच. पंप स्वतः फार मोठ्याने वाजत नव्हता. त्याने माझी अख्खी मोटार वाजवायला घेतली होती.

आई मागे बसली आणि म्हणाली, “बाळ, ही तडतड डोक्यात जाते.” तिच्या कानांत श्रवणयंत्रे आहेत आणि असा टोकदार आवाज त्यांतून फार बोचतो. दर महिन्याला दिमोनाला माझ्या धाकट्या भावाकडे जाण्याचा तिचा नेम आहे. ती म्हणाली, “या गाडीतून येणार नाही, बसने जाईन.” बाबांच्या गाडीतून आई येणार नाही, हे मला फार लागले. माणूस दुखावला की उतावीळ होतो. मी त्याच संध्याकाळी स्पंज आणला, पंपाभोवती गुंडाळला, त्यावर पत्र्याचा डबा बसवला आणि डबा घट्ट बंद केला.

आवाज बराच कमी झाला. मी आईला अभिमानाने मागच्या आसनावर बसवले. तिने श्रवणयंत्रे काढून हातात घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, “कानाला लागत नाही आता. पण पायांना लागतंय.” मी हसलो. नव्वदीच्या पायांना काय काय लागते, असे मनात म्हणालो.

मित्रहो, त्या एका वाक्यात माझ्या चुकीचे पूर्ण निदान होते. आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट हवेची, ती कानापर्यंत येते. दुसरी वाट घन पदार्थाची. पंपातून बोल्टात, बोल्टातून तळात, तळातून आसनात आणि पायांत. मी हवेची वाट स्पंजाने बुजवली होती. दुसरी वाट सताड उघडी होती. ज्या बाईला कानांनी ऐकू येत नव्हते तिला ती सापडली आणि ज्याला ऐकू येत होते त्याने तिकडे लक्ष दिले नाही.

जुलैचा महिना होता. मी टाकी काठोकाठ भरली आणि दुपारी आम्ही दिमोनाला निघालो. अंतर अवघे पस्तीस किलोमीटरच्या आसपास. वीसेक किलोमीटर गेल्यावर आई म्हणाली, “आता ठोके भराभर पडताहेत रे. धाप लागल्यासारखे.” मला काहीच ऐकू येत नव्हते. कसे येणार? मीच तर ते बंद करून ठेवले होते. मी म्हणालो, “काही नाही, आई.” दोन मिनिटांनी इंजिन गचके खाऊ लागले आणि मोटार रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

सावली नाही, झाड नाही, बाजूने मालमोटारी सुसाट जात होत्या. पाण्याची एकच बाटली जवळ होती. आईचा चेहरा लालबुंद झाला, मग फिकट पडू लागला. एका बेदुईन तरुणाने आपली मोटार थांबवली, आईला आपल्या गार मोटारीत बसवले आणि पाणी दिले. त्याचे नाव विचारण्याचेही मला सुचले नाही. मी पेट्रोल आहे ना हे पाहण्यासाठी टाकीचे झाकण फिरवले, तर सुस्स् असा मोठा आवाज करीत हवा आत ओढली गेली. त्या आवाजाने मला सर्व कळले.

टाकीतून जेवढे पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. जुन्या मोटारींत त्यासाठी झाकणालाच बारीक भोक असते. बाबांच्या वेळचे झाकण हरवले होते आणि मी कुलपाचे नवे झाकण आणून बसवले होते. त्याला भोक नव्हते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरताना ते कळले नाही. त्या दिवशी मात्र टाकी काठोकाठ भरलेली, वर हवेला जागा अगदी थोडी. दोन लिटर पेट्रोल बाहेर जाताच आत ओढ निर्माण झाली. दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेतही उकळते आणि त्या दिवशी उष्णता काही कमी नव्हती. पंप पेट्रोलाऐवजी वाफ ओढू लागला. दट्ट्याला पेट्रोलाचा विरोध राहिला नाही, म्हणून ठोके भराभर पडू लागले. पंप ओरडून सांगत होता, आई ते मला सांगत होती आणि मी दोघांनाही गप्प केले होते.

वाटेत दोनदा थांबून, झाकण उघडून हवा आत घेत आम्ही दिमोनाला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या अंगणात मी तो पत्र्याचा डबा उघडला. स्पंज पेट्रोलाने ओला होता. एका सांध्यातून थेंब थेंब गळत होते आणि स्पंज ते शोषून घेत होता. डबा बंद, म्हणून वासही आला नव्हता. पेट्रोलाने भिजलेला स्पंज, त्यात विजेचा पंप आणि वर माझी आई! मी बराच वेळ त्या अंगणात बसून राहिलो.

इथून पुढे मी जे केले ते क्रमाने सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी वाहने आहेत त्यांना त्याचा उपयोग होईल.

सर्वप्रथम ऐकणे. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. धडधाकट पंप पहिले काही सेकंद भराभर वाजतो, कारण तो कार्ब्युरेटरची वाटी भरत असतो. वाटी भरली की तिच्यातला तरंगता गोळा सुई वर ढकलतो, वाट बंद होते, पंपाला विरोध मिळतो आणि ठोके संथ होतात. हे संथ होणे फार महत्त्वाचे आहे. पंप संथ झालाच नाही, तर टाकी रिकामी आहे, नळीत हवा शिरते आहे, कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नाही किंवा पेट्रोल कुठेतरी गळते आहे. अशा वेळी चावी बंद करून आधी वास घ्यावा आणि नळी तपासावी. सुरुवातीला चाल ठीक असून काही अंतर गेल्यावर ठोके घाईचे झाले, तर पंपाच्या मागच्या बाजूस अडथळा आहे. टाकीचे झाकण, तुंबलेली गाळणी, दबलेली नळी किंवा धुराड्याजवळून जाऊन तापणारी नळी, यांपैकी काहीतरी. ठोके मंद आणि अडखळत पडत असतील तर तारा पाहाव्यात, वीज अपुरी पोहोचत असते. आणि चाल उत्तम, संथ होणेही उत्तम, तरी मोटारभर आवाज घुमतो, असे असेल तरच दोष बसवणीचा. फक्त या शेवटच्या आवाजाला शमवण्याचा आपल्याला अधिकार आहे. बाकीचे आवाज तक्रारी आहेत. त्यांचे कारण दूर करायचे असते.

बसवणीचा दोष आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा सांगतो. नळ्या आणि तारा जोडलेल्याच ठेवून पंपाचे बोल्ट काढा आणि चावी चालू असताना पंप हातात धरा. मोटारीतील आवाज एकाएकी गेला, तर पंप निर्दोष आहे. मी हे केले तेव्हा हातात नुसती टिकटिक राहिली, भिंतीवरच्या घड्याळाएवढी.

मग जागा बदलली. असा पंप ढकलण्यात हुशार असतो, ओढण्यात कच्चा. म्हणून त्याला टाकीच्या जवळ आणि शक्यतो टाकीतील पेट्रोलाच्या पातळीखाली बसवावे. पेट्रोल आपोआप त्याच्याकडे येते आणि निम्मा त्रास तिथेच संपतो. त्याचे बाहेरचे तोंड वरच्या दिशेस ठेवावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. मी पंप तळावरून काढून पोलादी चासीच्या जाड पट्टीवर नेला. पातळ पत्रा थरथरतो, जाड लोखंड सहजी थरथरत नाही. धुराड्यापासून मात्र तो दूर हवा.

त्यानंतर रबर. इथे मी पुन्हा एकदा फसलो, तेही सांगतो. मी पंपाखाली रबराच्या चकत्या ठेवल्या आणि त्यांतून बोल्ट आरपार नेऊन घट्ट आवळला. आवाज तसाच. मध्ये रबर होते खरे, पण बोल्टाच्या मार्गाने लोखंडाला लोखंड भेटतच होते. यासाठी दोऱ्याच्या रिळासारखे रबरी तुकडे मिळतात. त्यांच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे बोल्ट असतात आणि ते आत एकमेकांना भिडत नाहीत. एक टोक चासीला, दुसरे पंपाला. रबर मऊ हवे. पंपाचे वजन एवढे थोडे असते की धुराड्याला वापरतात तसले कडक रबर त्याच्या लेखी लाकूडच.

रबर बसवून मी चावी फिरवली. संपूर्ण शांतता! मला वाटले, जिंकलो. मग ध्यानात आले की पंप चालतच नव्हता. माझ्या पंपाच्या विजेची परतीची वाट त्याच्या धातूच्या अंगातून चासीत जात होती आणि रबराने ती तोडली होती. एक वेगळी तार पंपाच्या अंगापासून चासीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत नेली, तेव्हा तो चालू झाला. आई त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, “मेलेल्याला शांत म्हणत नाहीत.”

पंप रबरावर टांगला तरी त्याला जोडलेली धातूची नळी आवाज पुढे नेते. म्हणून पंपाच्या दोन्ही बाजूंस वीतभर रबरी नळी ठेवली. ती थोडी सैल, पण कुठेही न दुमडलेली. ही नळी पेट्रोलासाठीच बनवलेली असावी. पाण्याची नळी पेट्रोलाने फुगते आणि कुजते. माझ्या मोटारीत मी एसएई जे ३० आर ९ हे चिन्ह असलेली नळी वापरली. धातूची नळी पुढे जिथे जिथे मोटारीच्या अंगाला टेकते तिथे रबरी अस्तराच्या क्लिपा लावल्या. तरी एक बारीक गुणगुण राहिलीच. तेव्हा मी बाबांची काठी काढली. एक टोक नळीवर, एक कानाशी, असे करीत इंच इंच पुढे गेलो. डाव्या दाराखाली नळी तळाला अगदी पुसटशी चिकटली होती. बोटाने नळी थोडी वाकवली आणि गुणगुण थांबली.

गाळणीविषयीही सांगतो. पंपाच्या आधी जाड जाळीची गाळणी, फक्त गंज आणि कचरा अडवण्यापुरती. बारीक गाळणी पंपाच्या पुढे. उलट केले तर पंपाला ओढताना धाप लागते आणि तो वाजतो. दाबाचेही तसेच. अशा साध्या कार्ब्युरेटरला दर चौरस इंचास सुमारे ३ पौंड दाब पुरतो. मी दुकानदाराच्या सांगण्यावरून दुपटीहून अधिक दाबाचा पंप आणला होता. अधिक दाब म्हणजे अधिक जोराचा ठोका. शिवाय तो सुईला मागे लोटतो आणि पेट्रोल वाहू लागते. तो पंप परत केला आणि कमी दाबाचा घेतला. झाकण अर्थातच भोकाचे आणले.

सुरक्षेची गोष्ट मी शेवटी सांगतो आहे, पण ती खरे तर पहिली आहे. यांत्रिक पंप इंजिन थांबले की थांबतो. विजेचा पंप चावी चालू असेतोवर पेट्रोल ढकलीत राहतो, अपघातात नळी तुटली तरीही. म्हणून धक्का बसताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा, किंवा इंजिनातील तेलाचा दाब गेला की पंप बंद करणारा. फ्यूज योग्य शक्तीचा असावा. काम उघड्यावर करावे, नळ्यांना हात लावण्याआधी बॅटरीची तार सोडावी, आग विझवण्याचे नळकांडे हाताशी असावे. आणि पंपाला कशातही गुंडाळू नये. स्पंज नको, चिंधी नको, डबा नको. पंप उघडा असावा. त्याचा आवाज, त्याची उष्णता आणि त्याची गळती, तिन्ही आपल्याला कळली पाहिजेत.

हे सर्व करायला मला सुट्टीचे तीन आठवडे लागले. स्पंज गुंडाळायला एक संध्याकाळ लागली होती.

सण उलटल्यावर, ऊन उतरल्यावर, मी आईला पुन्हा विचारले. ती काही बोलली नाही, पण जाऊन मागच्या आसनावर बसली. चपला काढल्या आणि दोन्ही पाय तळावर टेकवले. मी चावी फिरवली. पंप काही क्षण भराभर वाजला, मग संथ झाला. मी आरशातून तिच्याकडे पाहत होतो. मी विचारले, “आई, पायांना लागतंय का?” ती म्हणाली, “आहे. पण आता कोणी चालत असल्यासारखं आहे. ठोकल्यासारखं नाही.” आम्ही दिमोनाला गेलो. वाटेत मी तीनदा विचारले, ठोके कसे आहेत. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “तू रस्त्याकडे बघ, मी इकडे बघते.” तेव्हापासून आमची कामाची वाटणी तशीच आहे.

बंधुभगिनींनो, कोकणात आपल्या वाडवडिलांना शनवार तेली म्हणत. आठवडाभर त्यांचे घाणे चालत आणि शनिवारी थांबत. सहा दिवस काम होई, म्हणून सातव्या दिवसाच्या शांततेला मोल होते. यंत्राची शांतता मलाही आता तशीच वाटते. वाटी भरली, मागणी पुरी झाली, म्हणून पंप आपोआप संथ झाला, ती शांतता खरी. मी स्पंज कोंबून आणली होती ती खोटी होती आणि तिच्या आत पेट्रोल गळत होते.

घराघरांत वडीलधारी माणसे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. गुडघा दुखतो, भूक नाही, रात्री झोप येत नाही. आपण म्हणतो, “काही नाही, आई.” मी तसे म्हटले आणि वीस किलोमीटरवर मला त्याचे उत्तर मिळाले. याहून अधिक उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही.

ज्यांच्याकडे जुनी वाहने आहेत त्यांनी शुक्रवारी सकाळी माझ्याकडे यावे. पाने माझ्याकडे आहेत, बाबांची काठीही आहे. फक्त येण्याआधी पंप कशात गुंडाळला असेल तर तो सोडवून आणावा, म्हणजे मला तो ऐकता येईल.

आई मघापासून हाताने खूण करते आहे की आता पुरे. या वेळी मी तिचे ऐकतो.